वरचं शीत

१

संचितानं, म्हणजे घरच्यांच्या चिऊनं, खिचडीचा पहिला घास कसाबसा गिळला. दुसरा मात्र जिभेनं ढकलून बाहेर काढला आणि असे ओठ मुरडले, की सव्वा वर्षाची पोरगी नव्हे, चाळीतली एखादी खाष्ट म्हातारीच समोर बसलीय.

अमृताच्या काळजात धस्स झालं. तिला तसं हल्ली धस्स व्हायला निमित्त लागायचं नाही. चिऊ शिंकली की थर्मामीटर, जरा जास्त वेळ झोपली की नाकासमोर बोट. सिद्धेश, तिचा नवरा, म्हणायचा, "अगं, तू आई झालीयस की वॉचमन?" पण आज तिनं वाटीतली चमचाभर खिचडी तोंडात टाकली आणि तिचीही जीभ आक्रसली. खारट. खाडीचं पाणी परवडलं इतकी खारट.

आता ही खिचडी परकी असती तर पाकीट फेकून मोकळं होता आलं असतं. पण ती होती कल्याणजवळच्या मोहन्यातल्या 'उगवती' महिला गटाची. भाजलेली तांदळाची कणी, मूगडाळीची भरड आणि त्यात मीठ, हळद, जिरं, हिंगाची बारीक पूड. गरम पाण्यात घालून झाकण ठेवलं की मऊ खिचडी तयार. बाळांना चालते, आजाऱ्यांना चालते. आणि गट सुरू झाल्यापासून ती कालवणारा हात एकाच बाईचा, अमृताच्या सासूचा, भीमाबाईंचा.

गंमत अशी की, बाहेर चवीसाठी नावाजलेल्या भीमाबाई घरात सगळं अळणी रांधायच्या. सासरे आबा, त्यांना बीपी. मग आमटी अळणी, भाजी अळणी. अमृता आपलं ताट घेऊन लिंबाच्या निमित्तानं ओट्याशी जायची आणि सासूची पाठ वळली की आमटीत चिमूटभर मीठ सोडायची. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी 'आई, मीठ कमी आहे' एवढं वाक्य काही तिच्या तोंडून निघालं नव्हतं. असं कोण कुणाच्या तोंडावर बोलतं?

तेवढ्यात दारात शेजारचे दौलतकाका उभे राहिले. हातात तेच पाकीट, तोंड फोडलेलं.

"काय भीमावयनी, डॉक्टरनं माझं मीठ तोडलंय, आणि तुम्ही आख्खं मिठागर घरी पाठवलंत?"

हे म्हणताना ते हसत होते, पण पाकीट त्यांनी ओट्यावर ठेवलं, परत नेलं नाही. अमृताचा तोल गेला. कडेवर रडणारी पोर, जिभेवर ते खारं पाणी.

"आई, मीठ किती घातलंत तुम्ही यात?"

दौलतकाकांच्या देखत बोलली. बोलून गेल्यावर तिला कळलं.

भीमाबाईंनी पदराला हात पुसले. आवाज चढवला नाही.

"मागं तक्रार आलेली तेव्हा मी मीठ कमी केलं. तरी आली. या खेपेला निम्मं घातलंय, अमृता. मोजून निम्मं."

अमृतानं हातातल्या वाटीकडं बघितलं. मीठ झालं निम्मं आणि खिचडी आधीपेक्षा खारट. हे कसं व्हावं?

२

संध्याकाळी सुमतीताई आल्या. गटाच्या अध्यक्ष, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे चहाचा कप हातात असला तरी समोरच्याला आपण बाकावर उभे आहोत असं वाटायचं.

"भीमाबाई, तुमच्या हाताबद्दल माझ्या मनात शंका नव्हती," त्या म्हणाल्या, "पण ठाण्याच्या वृद्धाश्रमाला आपण पहिल्यांदाच माल देतो आहोत. म्हातारी माणसं आहेत. शुक्रवारी कालवलेल्या खिचडीचा ड्रम आपल्या ठाण्याच्या गाळ्यावर जाईल, पाकिटं भरली जातील, तेव्हा मी स्वतः तिथे चाखायला येते. खारट निघाली, तर पुढची मिसळण गटातल्या मायाकडे द्यावी लागेल."

"बरं," भीमाबाई म्हणाल्या. एवढंच.

सुमतीताई गेल्यावर त्यांनी गटाच्या खोलीवरून आपला लाकडी कालथा घरी आणला. हात लागून लागून त्याची मूठ काळीभोर, गुळगुळीत झालेली. तो त्यांनी धुतला, पुसला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि माळ्यावर सरकवला. अमृता दारातून बघत होती. आई अजून हरल्या नव्हत्या, पण आवराआवर सुरू झाली होती. सकाळचं आपलं वाक्य परत घेता आलं असतं तर, असं तिला वाटलं.

चिऊ व्हायच्या आधी अमृता डोंबिवलीला औषधांच्या कंपनीत होती, क्वालिटी कंट्रोलला. संख्याशास्त्रात बीएस्सी. हजारो गोळ्यांमधून कुठल्या मूठभर उचलायच्या आणि त्यांच्यावरून बाकीच्यांबद्दल काय बोलायचं, हेच तिचं काम. चिऊच्या पायी ते सुटलं, पण डोक्यातलं सुटत नाही.

"खिचडी तिघांच्या हातून जाते," रात्रीची भांडी लावता लावता ती सिद्धेशला म्हणाली. "आई मोहन्याला कालवतात. प्रीतम टेम्पोतून ठाण्याला नेतो. तिथं कलावती पाकिटं भरते."

"मग सोप्पं आहे. माया कुणाची बायको? प्रीतमची! मिसळण बायकोला मिळावी म्हणून त्यानंच टाकलं असणार मीठ. नायतर ती कलावती. आईच्या हाताखाली शिकली, आता तिला स्वतः कालवायचं असेल."

"किंवा आई."

सिद्धेशनं ताट आपटलं. "माझ्या आईवर संशय घेतेस तू?"

"मी तिघांवर घेतेय. नातं बघून सँपल वगळायचं नसतं, अरे."

"सँपल!" तो म्हणाला. "धन्य आहेस. झोपतो मी."

अमृता मात्र जागीच राहिली. तिला एकच प्रश्न टोचत होता. आजवर तक्रारी नेमक्या कुणाकुणाच्या आल्या?

३

सकाळी तिनं तो प्रश्न भीमाबाईंनाच विचारला.

"आपल्याच लोकांच्या," त्या लसूण सोलत म्हणाल्या. "मोहन्यातल्या, शहाडच्या, दोन कल्याणच्या. ठाण्यातून एक नाही."

"ठाण्यात तर जास्त माल जातो ना?"

"हो की. पाकिटं भरली की पयला माल ठाण्याचे दुकानदार तिथून उचलतात. शेवटचे खोके उरतात ते प्रीतम टेम्पोत घालून इकडं आणतो."

म्हणजे खारट पाकिटं नेमकी तीच, जी प्रीतमच्या टेम्पोतून परत येतात. सिद्धेश ऐकायला असता तर टाळीच वाजवली असती. पण अमृतानं ओट्यावरचं दौलतकाकांचं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. खालची शिवण मशीनची, शाबूत. वरचं तोंड काकांनी स्वतः फाडलेलं. बंद पाकिटात मीठ घालायला प्रीतम काही जादूगार नव्हता.

कंपनीतली तिची साहेबीण एक गोष्ट सतत सांगायची. तक्रार करायला येतात ते आपणहून येतात. त्यांच्यावरून सगळ्या गिऱ्हाइकांचा अंदाज बांधू नका. गप्प बसलेल्यांना जाऊन विचारा.

अमृतानं फोन उचलला. ठाण्याला कोपरीत तिची सख्खी मावशी राहायची, आवडाबाई. तिच्याकडं हीच खिचडी असायची, दुकानातून विकत घेतलेली.

"मावशी, खिचडी खारट लागते का गं हल्ली?"

"खारट? कुठली गं! पाणचट लागते. मी आपलं वरून मीठ घालते."

अमृताच्या हातातला फोन निसटता निसटता राहिला. "मग सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? मीठ कमी असलं तर घालता येतं, बाई. जास्त असलं की माणूस भांडायला जातो."

त्या संध्याकाळी सिद्धेश ठाण्याहून कामावरून येताना मावशीकडचं पाकीट घेऊन आला. अमृतानं दोन ताटल्या मांडल्या. एकीत दौलतकाकांचं, दुसरीत मावशीचं. दोन्हीवर तारीख एकच, म्हणजे ड्रमही तोच.

मावशीच्या ताटलीत टपोरी कणी, फिकी, मोकळी. काकांच्या ताटलीत कणी होतीच, पण तिच्यावर पिवळी पूड अशी थापून बसली होती की चिऊनं बोट लावताच बोट लग्नातल्या हळदीचं झालं.

"हे एका ड्रमातलं?" सिद्धेश म्हणाला.

"एकाच. म्हणजे कुणी सगळ्या मालात मीठ टाकत नाहीये. एकाच ड्रमात कुणाच्या वाट्याला सगळी पूड येतेय आणि कुणाच्या वाट्याला नुसती कणी."

"कोण करतंय मग?"

"ते ड्रमाबरोबर गेल्याशिवाय कळायचं नाही," अमृता म्हणाली. "मी शुक्रवारी प्रीतमच्या टेम्पोत बसणार."

४

"पोरीला घेऊन टेम्पोत?" भीमाबाई म्हणाल्या. "येडी का काय तू!"

पण अडवलं नाही. शुक्रवारी सकाळी त्या कालवायला बसल्या तेव्हा अमृता शेजारीच होती. माळ्यावरचा कालथा तिनंच काढून दिला होता. भीमाबाईंचा हात तळापासून वर, वरून तळाला, असा संथ फिरत राहिला. कालवून झाल्यावर अमृतानं वरून, मधून आणि थेट तळातून चिमूट चिमूट घेऊन चाखलं. तिन्हीकडं चव सारखी. मीठ बेताचं, थोडं कमीच. मग तिनं निळ्या ड्रमाचं झाकण लावून चिकटपट्टी फिरवली आणि पट्टीवर आपली सही केली.

"तुम्ही येणार ना ठाण्याला?" तिनं विचारलं.

"माझी शोभा बघायला? नाही येणार."

प्रीतम तिशीतला, बोलका. ड्रम टेम्पोत उभाच्या उभा दोरीनं बांधून तो गाडीत बसला आणि मायाची गोष्ट त्यानं स्वतःहूनच काढली.

"वैनी, खरं सांगू? मायाला ती मिसळण नकोय. घरी बोलली मला, भीमामावशींच्या जागेवर मी बसली तर बायका मला जगू देतील का? तुम्ही सांगा ना सुमतीताईंना. मी सांगितलं तर बोलतील, बायकोनं शिकवून पाठवलाय."

अमृता त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. खोटं बोलणारा माणूस आधी स्वतःचं भलं सांगतो, आणि हा तर आलेलं काम परत करायला निघाला होता.

कल्याण-शीळ रस्त्याला लागल्यावर बोलणंच बंद झालं. रस्त्याचं काम निघालेलं. टेम्पो खड्ड्यात उतरायचा, चढायचा, पुन्हा उतरायचा. अमृतानं चिऊचं डोकं छातीशी धरलं. मागं ड्रम दणदण करत होता. तिनं मान वळवून पाहिलं. चिकटपट्टी जागेवर, सही जागेवर. शीळफाट्याला नेहमीसारखी गाडीला गाडी चिकटली आणि प्रीतमनं इंजिन बंद केलं.

"आता निवांत," म्हणत त्यानं सीटखालून स्टीलचा डबा काढला. पातळ पोह्यांचा चिवडा. "घ्या वैनी. छोटीलाही द्या."

"नको नको, तिला तिखट लागेल."

"वरचा द्या की. वर तिखट नसतं. सकाळी माया चांगला कालवून देते, पण इथपर्यंत येईस्तोवर मसाला सगळा बुडतो. वर नुसते पोहे, खाली जाळ. मी तर निम्मा डबा संपल्यावर पाण्याची बाटली काढून ठेवतो."

अमृताचा हात डब्यावरच थांबला.

वर पांढरेफटक पोहे. तिनं बोटांनी पोहे बाजूला सारले. तळाला तिखट, हळद, पिठीसाखर, मिठाचा थर. चिवडा कालवणारी चुकली नव्हती. डबा उघडणाराही चुकला नव्हता. मधे फक्त हा रस्ता होता.

तिनं तिथूनच सुमतीताईंना फोन लावला.

"ताई, येताना आईंना घेऊन या. काही करा, पण आणाच."

"का? कोण आहे ते कळलं का?"

"अर्धं कळलंय," अमृता म्हणाली. "पण अर्ध्यानं भागत नाही. मीठ निम्मं करूनही खारट कशी, ते अजून सुटलेलं नाही. उरलेलं ठाण्यात आहे."

५

ठाण्यातला गाळा म्हणजे एक टेबल, पाकीट शिवायचं मशीन, आणि कोपऱ्यात एक छोटी शेगडी. पूर्वी पाकिटं मोहन्यालाच भरायचे, कालवल्या जागी. मशीन घेतल्यापासून भरणी इकडं आली. तक्रारी त्यानंतरच्या. हे अमृताच्या आता लक्षात येत होतं आणि आपण हे आधीच का नाही विचारलं म्हणून ती स्वतःवर चरफडत होती.

कलावती चाळिशीची, कोकणातली, हलक्या आवाजाची. चिऊला बघून तिनं आधी हात धुतले, मगच तिला घेतलं. अमृताला तेवढ्यावरून बाई आवडली, आणि आवडली म्हणून ती जास्तच सावध झाली.

"भीमामावशी कशा आहेत? माझ्यावर रागावल्यात का?"

"तुमच्यावर का रागावतील?"

"नाही, असंच." कलावतीनं नजर वळवली.

पट्टी शाबूत होती. कलावतीनं ड्रम उघडला आणि सवयीनं वरची मूठ घेऊन शेगडीवरच्या पातेल्यात शिजायला टाकली. "मावशींचा नियम आहे," ती म्हणाली. "भरायच्या आधी शिजवून बघायची. शितावरून भाताची परीक्षा."

खिचडी झाली. कलावतीनं फुंकर घालून चाखली. तिचा चेहरा क्षणभर उतरला, लगेच सावरला.

"कशी आहे?" अमृतानं विचारलं.

"छान. मावशींचा हात तो."

अमृतानंही चाखली. छान कुठली, आवडामावशी म्हणाली तशी पाणचट. तरीही ही बाई छान म्हणाली. का? तिची नजर टेबलावर फिरली. वजनकाटा, पाकिटांची चळत, आणि चळतीमागं मिठाची बरणी. पाकिटं भरायच्या जागी मिठाचं काय काम?

"ती माझ्या जेवणाला," कलावती घाईनं म्हणाली आणि बरणी मागं सारली. किलोची बरणी होती. कडेला मिठाचे दाणे लागलेले, आत खिचडीची वाटी बसावी तसा खड्डा पडलेला.

तिथंच अमृताला सगळं दिसलं. कोणी पुरावा दिला म्हणून नव्हे. तिला दिसला आपलाच ओटा. लिंबाचं निमित्त, सासूची पाठ आणि आमटीत पडणारी चिमूट.

"मी चिऊला बाहेर घेऊन जाते, रडेल ती," असं म्हणून ती दाराबाहेर गेली आणि लगेच उलटपावली वळली.

कलावतीच्या एका हातात बरणी होती. दुसऱ्या हातानं वाटीभर मीठ ड्रमावर धरलेलं.

"कलाताई," अमृता हळूच म्हणाली, "आज नका घालू."

६

वाटी बरणीत पडली. कलावतीनं बरणी छातीशी धरली.

"आईची शपथ, वाईट कराया नव्हतं घालत. मावशींनी मला हाताला धरून शिकवलं. त्यांचं वय झालं, हात विसरायला लागला असं वाटलं मला. मूठ शिजवली की अळणी. आता त्यांना कोण सांगणार, की मावशी, तुमचं मीठ कमी पडतंय? त्यापेक्षा आपणच गुपचूप घालावं. घालून ड्रम गदागदा हलवायची मी, म्हणजे सगळीकडं लागेल."

"आणि पुन्हा चाखायच्या नाहीत?"

"कशाला? घातलं ना."

अमृतानं तिच्या हातातली बरणी काढून घेतली. "तुम्ही पाकिटं भरा. आज मीठ न घालता. आणि कुठलं आधी, कुठलं नंतर, ते रांगेनं लावून ठेवा. बाकीचं सगळ्यांच्या समोर बोलू."

सुमतीताई आल्या तेव्हा शेवटचं पाकीट शिवून झालं होतं. भीमाबाई त्यांच्या मागं, पदर घट्ट लपेटून, दाराशीच थबकलेल्या. प्रीतमही आत सरकून उभा राहिला. अमृतानं रांगेतलं पहिलं पाकीट उचललं, मधलं एक आणि अगदी शेवटचं. तिन्ही वेगवेगळी शिजवली. तीन वाट्या टेबलावर मांडल्या.

सुमतीताईंनी पहिली चाखली. "अळणी."

मधली चाखली. "ही अगदी व्यवस्थित."

तिसरी चाखली आणि पाण्याचा पेला मागितला. "अहो, हा काय प्रकार आहे? तिन्ही एकाच ड्रमातल्या?"

"एकाच. आणि आज यात मीठ निम्मंच आहे," अमृता म्हणाली. "सकाळी आईंनी कालवली तेव्हा मी वर, मधे, तळाला चाखली. सारखी होती. मी सही करून ड्रम बंद केला, इथं येईपर्यंत कुणी हात लावला नाही. प्रीतमभाऊ, तुमचा डबा दाखवा."

प्रीतमनं उरलेला चिवडा दाखवला. लालभडक तळ. सुमतीताई आधी डब्याकडं, मग ड्रमाकडं बघत राहिल्या. शाळेतल्या बाईंना फळ्यावरचं गणित सुटताना दिसलं तसा त्यांचा चेहरा झाला.

"कणी जाड, पूड बारीक," अमृता म्हणाली. "खड्ड्यात गाडी आदळली की पूड फटीफटीतून खाली उतरते. वर अळणी, तळाला खारट. वरचा माल ठाण्याला जातो. ठाणेकर वरून मीठ घालतात आणि गप्प बसतात. तळाचा माल आपल्याकडं परत येतो, तो बोंबलतो. तुमच्यापर्यंत फक्त बोंब आली, ताई."

"पण मीठ कमी केल्यावर खारटपणा वाढला, तो कसा?"

अमृतानं कलावतीकडं पाहिलं नाही, मुद्दाम चिऊचं टोपडं सारखं करत बसली. मग कलावतीच पुढं आली.

"मी घालायची," ती म्हणाली. "मावशींनी कमी केलं की वरची मूठ आणखी अळणी लागायची. मग मी आणखी घालायची."

"आणि ते हलवलं की सरळ तळाला," अमृता म्हणाली. "तळ आणखी खारट, तक्रार आणखी मोठी. आई आणखी कमी करणार, कलाताई आणखी घालणार. दोघी एकमेकींना सांभाळत होत्या, आणि दोघींनी एकमेकींना विचारलं नाही."

सगळ्यांचे डोळे भीमाबाईंकडं लागले. त्यांनी पुढं येऊन तिसऱ्या वाटीतलं बोटभर चाटलं, तोंड वाकडं केलं.

"कला, तुला मी शितावरून भाताची परीक्षा शिकवली, खरं. पण अगं, भात उकळत असतो. तो आपला आपण वरखाली फिरतो, म्हणून कुठलंही शीत घे, सारखंच. हा ड्रम कुठं उकळतोय? हे तुला सांगायचं मीच विसरले."

"मावशी, मी चुकले."

"चुकलीसच. मला सांगायचं होतं, मीठ कमी आहे म्हणून."

"तुम्हाला?" कलावतीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडातून शब्द निसटलाच. "तुम्हाला कोण सांगणार, मावशी!"

प्रीतम फिस्सकन हसला. मग सुमतीताई. सगळ्यात शेवटी भीमाबाई, पण त्या हसायला लागल्या तेव्हा थांबेचनात.

पुढचं तिथंच ठरलं. त्या दिवसाचा माल वृद्धाश्रमाला गेला नाही. पाकिटं फोडून सगळं पुन्हा एकत्र केलं आणि भीमाबाईंनी पदर खोचून कालवलं. इथून पुढं कणी-डाळ वेगळी येणार, पूड वेगळी, आणि दर पाकिटात पूड मोजून पडणार. चाखायचं ते पहिलं, मधलं, शेवटचं. आणि घराघरांत विचारायला जायचं, तक्रार न करणाऱ्यांकडं आधी.

"हे विचारायला कोण जाणार?" सुमतीताई म्हणाल्या आणि सरळ अमृताकडं बघितलं.

"चिऊला घेऊन चालेल?"

"चिऊशिवाय चालणार नाही. या खेपेची पहिली तक्रार तिचीच होती."

७

त्या संध्याकाळी मोहन्याला घरी आल्यावर भीमाबाईंनी कालथा पुन्हा माळ्यावर नाही ठेवला. ओट्याजवळच्या खिळ्याला टांगला. मग स्वयंपाकाला लागल्या. आमटी, भात, वांग्याची भाजी. आबा जेवून बाहेर जाऊन बसले. सिद्धेशनं दोनदा भात घेतला आणि दोन्ही वेळा "प्रीतम नव्हता म्हणजे" असं स्वतःशीच म्हणाला.

अमृतानं आमटीचा भुरका मारला. नेहमीसारखीच. ताट हातात घेऊन ती सवयीनं उठली.

"कुठं निघालीस?" भीमाबाईंनी विचारलं.

"लिंबू..."

"लिंबू तुझ्या ताटात आहे."

होतं खरं. फोड कापून, बिया काढून ठेवलेली. अमृता उभीच राहिली. भीमाबाई चिऊला भात भरवत होत्या, मान वर न करता.

"आमटी कशी झालीय गं? खरं सांग."

सिद्धेशचा घास हातात थांबला. अमृतानं हातातल्या ताटाकडं बघितलं. गाळ्यात सगळ्यांसमोर उभं राहून बोलणं याच्यापेक्षा किती सोपं होतं.

"आई," ती म्हणाली, "मीठ कमी आहे."

"किती दिवसांपासून?"

"लग्न झाल्यापासून."

भीमाबाईंनी चिऊचं तोंड पुसलं. हात लांब करून मिठाची वाटी ओट्यावरून खाली घेतली आणि अमृताच्या ताटाजवळ सरकवली.

"बस. आणि आता हितं, माझ्यासमोर घाल."

अमृता बसली. तिनं चिमूटभर मीठ घेतलं, आमटीत सोडलं, आणि भुरका मारायच्या आधी वाटी तळापासून नीट ढवळून घेतली.